समेटाची स्पर्धा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. म्हण खरी आहे, परंतु अपुरी आहे. पायरी चढू नये एवढे ती सांगते. मग शहाण्याने जावे कोठे, हे मात्र सांगत नाही. भावाने बांध कोरला, भागीदाराने हिशेब दडवला, शेजाऱ्याने भिंत पुढे आणली, तर सामान्य माणसापुढे दोनच वाटा उरतात: वकील गाठणे अथवा अबोला धरणे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी दुसरी वाट धरलेली आहे. दोन भाऊ एकाच मंदिरात उपासनेला येतात, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात आणि बाहेर पडताना एकमेकांकडे पाठ करून चपला घालतात.

या दोहोंवाचून तिसरी वाट शिकवता येईल काय? आणि शिकवायचीच झाली तर ती स्पर्धा लावून, गुण देऊन, करंडक ठेवून शिकवावी काय? हा प्रश्न गेल्या वर्षी चेन्नईतील नुंगंबाक्कम येथे माझ्यापुढे अकस्मात उभा राहिला.

नुंगंबाक्कम हा चेन्नईचा मध्यवर्ती भाग. १९१५ साली स्थापन झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि १९२५ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलेले लोयोला कॉलेज ही दोन्ही याच परिसरात आहेत. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनिमित्त मी तेथे माझ्या मावसबहिणीच्या मुलीकडे पंधरा दिवस मुक्कामास होतो. वाचन वर्ज्य होते. ऐकणे तेवढे मोकळे होते. तिची कन्या कायद्याच्या तिसऱ्या वर्षात शिकते. एका रविवारी दुपारी तिचे दोन सहाध्यायी घरी आले. लवकरच होणाऱ्या एका स्पर्धेची तिघांना तयारी करायची होती. वक्तृत्वाची स्पर्धा असेल, अथवा कायद्याच्या महाविद्यालयांतून चालते तशी अभिरूप न्यायालयाची असेल, असे मला वाटले. “नाही आजोबा,” ती म्हणाली, “ही भांडण मिटवण्याची स्पर्धा आहे. आम्हांला एक भांडणारा कमी पडतो आहे. तुम्ही बसाल का?”

मी बसलो. वाद काल्पनिक होता. वडिलांनी उभी केलेली बेकरी. मृत्युपत्र न करता ते वारले. थोरल्याला ती विकायची आहे, धाकट्याला चालवायची आहे. मी थोरला, एक तरुण माझा धाकटा भाऊ, आमची नात मध्यस्थ, आणि तिची मैत्रीण घड्याळ व गुणपत्रक घेऊन परीक्षक. प्रत्येक पक्षकाराला दोन कागद मिळतात. एक उभयतांना ठाऊक असलेल्या हकिकतीचा. दुसरा गुप्त, जो त्याने स्वतः उघड केल्याखेरीज कोणालाही कळत नाही. मला वाचता येत नव्हते, म्हणून परीक्षक झालेल्या मुलीने स्वयंपाकघरात नेऊन माझा गुप्त कागद हळू आवाजात वाचून दाखवला. थोरला भाऊ एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होता, मित्र पळाला होता, आणि ही गोष्ट लाजेखातर त्याने घरी सांगितली नव्हती.

अभिनय मला कधी जमलेला नाही. त्या दुपारी मात्र शब्द शोधावे लागले नाहीत. याचे कारण सांगितले पाहिजे. माझा धाकटा भाऊ आणि मी अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो. आईच्या मागे राहिलेले गावचे घर हे त्याचे निमित्त. कोणाचे चुकले हे येथे लिहीत नाही. लिहिले तर मी माझीच बाजू लिहीन. एवढे खरे की बेकरीविषयी बोलता बोलता माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते त्या कागदावर नव्हते. मुलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे विक्री होते की नाही यापेक्षा, तुम्हांला न विचारता सगळे ठरले, हे तुम्हांला अधिक लागले आहे, असे मी समजू का?” मला उत्तर देता आले नाही. तीही काही बोलली नाही. पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. काही वेळाने घंटी वाजली. वेळ संपली होती.

परीक्षक मुलीने अतिशय सौजन्याने दोष सांगितले. स्तब्धतेत चार मिनिटे गेली, तडजोडीचा मसुदा झाला नाही, सबब गुण कापले. मग रीतीप्रमाणे दोन्ही गुप्त कागद उघड करण्यात आले. धाकट्याने बेकरीतल्या तीन जुन्या कामगारांना वडिलांच्या शेवटच्या दिवसांत शब्द दिला होता की तुमचे काम जाणार नाही. थोरला हसेल या भीतीने तो त्याने लपवला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवताच मार्ग स्पष्ट दिसला. बेकरी तारण ठेवून कर्ज फेडता आले असते आणि ती चालूही राहिली असती. मुले हसली व चहाला उठली.

प्रसंग एवढाच, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न लहान नाही, आणि तो समजण्यासाठी मध्यस्थी म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. हा शब्द आपण सैलपणे वापरतो. न्यायाधीश निकाल देतो. लवादही निकालच देतो. फरक इतकाच की त्याला सामान्यतः पक्षकारांनी निवडलेले असते. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना एकत्र भेटतो, वेगवेगळे भेटतो, एकाने एकांतात सांगितलेले त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या कानावर घालत नाही, आणि निर्णय त्या दोघांवरच सोपवतो.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत या संदर्भात काही बोलके शब्द आढळतात. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे सभेचा निर्णय मान्य करू, असा राजीनामा उभय पक्षांकडून लिहून घेतला जाई. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे. त्या काळी तो राजी असल्याचा लेख होता. निवाडा झाल्यावर मात्र हरणाऱ्याला येजितखत, म्हणजे आपण खोटे ठरल्याची कबुली, जिंकणाऱ्यास लिहून द्यावी लागे. जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. आरंभी दोघे राजी, शेवटी एकच राजी, असा तो व्यवहार होता. मध्यस्थीत राजीनामा शेवटी येतो आणि येजितखत कोणीच लिहीत नाही.

निकालाने खटला संपतो, भांडण संपतेच असे नाही. केरळातील मलंकरा मंडळीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५८, १९९५ व २०१७ साली निर्णय दिले. तरीही दुभंगलेली मने एक झाली नाहीत. यात न्यायालयाचा दोष नाही. हक्क कोणाचा हे न्यायालय सांगू शकते, भावाला भावाकडे पाहायला लावणे त्याच्या अधिकारात नाही.

ही मर्यादा ओळखूनच आपल्या कायद्याने पावले टाकली. न्यायालयांनी योग्य ते वाद समेटाच्या मार्गाने पाठवावेत, यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत १९९९ च्या दुरुस्तीने कलम ८९ घालण्यात आले व ते २००२ साली अमलात आले. या कामाचा महत्त्वाचा आरंभ चेन्नईतच झाला. एप्रिल २००५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात मध्यस्थी केंद्र उघडले. न्यायालयाशी जोडलेले देशातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते, आणि त्याच्या उभारणीत ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांचा पुढाकार होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी पर्यायी वादनिवारण हा कायद्याच्या विद्यार्थ्यांचा आवश्यक विषय केला. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा संमत केला. त्याच वर्षी देशातील न्यायालयांत प्रलंबित असलेल्या खटल्यांची संख्या पाच कोटींच्या वर गेलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या शिक्षणाची निकड समजते.

विषय आला तशा स्पर्धाही आल्या. पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळ २००६ पासून विद्यार्थ्यांसाठी व्यापारी मध्यस्थीची स्पर्धा भरवीत आले आहे. गोव्यात मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालयाने ‘लेक्स इन्फिनिटम’ या नावाने अशा स्पर्धा भरवल्या आहेत. काही स्पर्धांत तिघांचा संघ असतो आणि प्रत्येकाला आळीपाळीने मध्यस्थ, वकील व पक्षकार व्हावे लागते. त्यांतील एक प्रथा मला फार मार्मिक वाटते. मध्यस्थाच्या जागी दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी जोडीने बसतात. म्हणजे ज्याला हरवायचे त्याच्याच खांद्याला खांदा लावून काम करायचे, आणि ते किती एकदिलाने केले याचेही गुण मिळतात.

येथेच आक्षेप निघतो. शांती करण्यात कोणी पहिला यावा आणि कोणी शेवटचा, ही कल्पनाच विसंगत नव्हे काय? दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याचे गुण मिळू लागले की ऐकणे हे एक कसब होते. मान किती हलवावी, आवाज कोठे मृदू करावा, “मला तुमची व्यथा समजते” हे वाक्य कितव्या मिनिटाला म्हणावे, हे पाठ करता येते. शुभवर्तमानात प्रभूने ज्यांचा कठोर शब्दांत निषेध केला त्या ढोंग्यांसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ रंगभूमीवरचा नट असा होतो. लोकांनी पाहावे म्हणून करुणेचा मुखवटा धारण करणे, हाच तो दोष. मग परीक्षकांनी पाहावे म्हणून करुणा दाखवणारे हे विद्यार्थी दुसरे काय करतात?

या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकू नये. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात असे प्रतिपादन केले आहे की वाद्य वाजवूनच मनुष्य वादक होतो आणि न्यायाची कृत्ये करीत करीतच तो न्यायी होतो. सद्गुण आधी अंतःकरणात परिपक्व व्हावा आणि मग हातून घडावा, अशी वाट पाहत बसलो तर तो कधीच घडणार नाही. लहान मुलाला आपण ‘क्षमा माग’ म्हणतो तेव्हा त्याला पश्चात्ताप झालेला नसतो. शब्द आधी येतो, भाव मागून येतो. ढोंगी आणि शिकाऊ दोघेही अभिनय करतात हे मान्य. पण ढोंगी आहे तसाच राहण्यासाठी करतो आणि शिकाऊ बदलण्यासाठी करतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

गुणपत्रकालाही तो दिसत नाही. महाराष्ट्राने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आर. आर. पाटील यांचे नाव तिच्याशी जोडले गेले. गावाने समिती नेमायची, तंटे सामोपचाराने मिटवायचे, मूल्यमापन व्हायचे, आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळायचा. बांधांवरचे जुने वाद गावच्या चावडीत बसून मिटवावेत, ही कल्पना निःसंशय चांगली होती. परंतु बक्षिसासाठी मिटवलेला तंटा आणि मनापासून मिटलेला तंटा नोंदवहीत सारखेच दिसतात. गावाला पुरस्कार मिळावा म्हणून एखाद्या दुबळ्याला गप्प बसवले गेले असेल, तर त्याचे गप्प बसणेही समेट म्हणूनच नोंदले जाणार.

समेटाच्या मार्गातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. मार खाणाऱ्या पत्नीला ‘जुळवून घे’ म्हणणे, मजुरी बुडवलेल्या मजुराला ‘अर्ध्यावर मिटव’ म्हणणे, याला शांती म्हणत नाहीत. २०२३ च्या कायद्यानेही गुन्ह्यांचे खटले सामान्यतः मध्यस्थीच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. नुंगंबाक्कम परिसरात वळ्ळुवर कोट्टम नावाचे स्मारक आहे. १९७६ साली उभारलेल्या या वास्तूत तिरुक्कुरळमधील सर्व १३३० द्विपदी दगडावर कोरलेल्या आहेत. त्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाचा विषय आहे मध्ये उभे राहणे, अर्थात निःपक्षपात, आणि तेथे तराजूचा दाखला दिलेला आहे. तराजू रिकामा असताना समतोल असतो. वजन पडले की ते जेवढे असेल तेवढे दाखवतो. निःपक्ष माणसाने कोणाचीही बाजू घेऊ नये, परंतु वजनाकडे डोळेझाकही करू नये.

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य येशूकडे येऊन भावाकडून वतनाची वाटणी करवून मागतो. येशू वाटणी करणारा होण्याचे नाकारतो आणि लोकांना लोभापासून सावध राहण्यास सांगतो. वर्षानुवर्षे हा भाग वाचताना मला तो नकार काहीसा रुक्ष वाटत असे. आता वाटते की वाटणी करून दिली असती तर त्या माणसाचा हिस्सा त्याला मिळाला असता, पण त्याच्या भावाकडे तो पुन्हा न पाहताच घरी गेला असता. बाहेरच्या माणसाने न सोडवता त्याला त्याच्याच अंतःकरणाकडे वळवणे, हे त्या नकारात होते.

मग स्पर्धांचे काय करावे? त्या बंद कराव्यात असे मला वाटत नाही. आमच्या तरुण संघांत पाठांतराच्या, गीतगायनाच्या, वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. बोलण्याचे बक्षीस आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. ऐकण्याचे एकदा देऊन पाहावे. मात्र एक बदल सुचवावासा वाटतो. त्या दुपारी गुण देणारी मुलगी बाजूला बसून घड्याळ पाहत होती. तिच्या दृष्टीने ती चार मिनिटे वाया गेली. माझ्या दृष्टीने त्या तासाभरात तेवढीच चार मिनिटे खरी होती. पण मला कोणी विचारले नाही. मध्यस्थाची परीक्षा घेण्याचा पहिला अधिकार त्रयस्थाचा नसून, ज्याला ऐकून घेतले गेले त्याचा आहे. पक्षकार झालेल्या विद्यार्थ्याला शेवटी दोनच प्रश्न विचारावेत: तुझे म्हणणे पुरते ऐकले गेले काय? तुझ्यावर दडपण आणले गेले काय? गुण त्यावरून द्यावेत. तडजोड झाली की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. २०१९ साली अयोध्येच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने तिघांचे मध्यस्थ मंडळ नेमले होते आणि त्यात श्रीराम पंचू यांचा समावेश होता. तेथेही अखेर निकाल न्यायालयालाच द्यावा लागला. अनुभवी माणसांनाही जेथे अपयश येते, तेथे तासाभरात मसुदा तयार झाला नाही म्हणून विद्यार्थ्याला कमी लेखणे योग्य नव्हे.

आणि त्या गुप्त कागदाविषयी एक शब्द. स्पर्धा संपल्यावर दोन्ही कागद टेबलावर येतात व सर्वांना उलगडा होतो. आयुष्यात तो कागद कोणी आपण होऊन हाती देत नाही, मागावा लागतो. माझ्या भावाजवळही असा एक कागद असेल, हा विचार अकरा वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता. मी त्याचे सर्व अपराध जाणत होतो आणि त्याला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी त्याला दूरध्वनी केला. माझा आवाज ओळखताच तो म्हणाला, “काय झालं? तब्येत बरी आहे ना?” मी घराचा विषय काढला नाही. तुला माझे काय लागले आहे, एवढेच विचारले, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहिलो. बराच वेळ गेला. मग त्याने सांगितले की आईच्या शेवटच्या आजारात मी पोहोचण्यापूर्वीचे नऊ दिवस ती दाराकडे पाहत होती, आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याला माझ्या वतीने उत्तर द्यावे लागत होते.

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. येत्या नाताळात आम्ही दोघे गावी भेटणार आहोत.